टायरची चमक किती टिकते ते नंतर, आधी ती कशावर बसली आहे ते बघा

घाटवळण

काल 'चकाचक नाशिक' यांनी लिहिलं होतं : "पाण्यातलं टायर पॉलिश म्हणजे पैसे पाण्यात. जेल मारा, नाहीतर सरळ कोटिंग करून घ्या, पावसाळाभर बघायला नको. जुना टायरसुद्धा नवा दिसतो." तिथेच दोन ओळी लिहिणार होतो, पण शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

टायर तपकिरी का पडतो, इथून सुरुवात करू. रबर बनवतानाच त्यात ओझोनपासून वाचवणारी रसायनं आणि मेण घालतात. टायर चालताना दबतो, फुलतो, तशी ती आतून वर येत राहतात आणि हवा लागून तपकिरी होतात. म्हणजे तो थर नुसत्या धुळीचा नसतो. त्याच्यावर कितीही महागडं पॉलिश मारा, ते रबराला धरत नाही, त्या थराला धरतं आणि त्याच्याबरोबरच निघून जातं. लोक म्हणतात "पॉलिश टिकलं नाही". टायर घासलाच नव्हता, ते कोणी सांगत नाही. क्लीनर मारून कडक ब्रशने घासा. पहिला फेस चहाच्या रंगाचा निघतो. तो पांढरा निघेपर्यंत थांबायचं नाही. मग पूर्ण वाळू द्या. अक्षरांच्या खोबणीत पाणी राहतं, तिथूनच पॉलिश आधी सुटतं.

आता तुलना. मेग्वायर्सच्या एन्ड्युरन्ससारखं जेल ओलसर, झगझगीत दिसतं आणि दोन-चार सरी सहन करतं. पण जाड लावलं तर चाक फिरल्यावर मडगार्डवर आणि दारावर काळे ठिपके उडतात, आणि आपल्या रस्त्यांची धूळ त्याला चिकटून बसते. कारप्रोच्या पर्लसारखं पाण्यातलं पॉलिश हवं तेवढं पातळ करता येतं, वाळल्यावर हाताला लागत नाही, टायर काळा दिसतो पण चकाकत नाही. ते लवकर धुतलं जातं, हे मान्य. तिसरं टफ शाईनसारखं ॲक्रिलिकचं कोटिंग. त्याचा खरोखरच थर बसतो आणि तिघांत तेच जास्त टिकतं. पण फुटपाथच्या कडेला एकदा टायर घासला की तेवढीच खपली निघते आणि मग तो अंगावरच्या कोडासारखा डाग लपवता येत नाही.

मी पाण्यातलं वापरतो. गाडी धुतली की एक हात मारायचा, पाच मिनिटांचं काम. आणि त्या निमित्ताने टायर जवळून बघितला जातो, हे मला चमकेपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

चकाचक_नाशिक

साहेब, तुम्ही हौसेने दर पंधरवड्याला टायर घासता. माझ्याकडे येणारा माणूस दसऱ्याला एकदा येतो आणि पाडव्याला एकदा. त्याला "दर धुण्याला एक हात मारा" म्हणून कसं सांगू? गाडी बाहेर काढताना टायर काळे हवेत आणि पहिल्या पावसात उतरायला नकोत, एवढंच त्याचं मागणं असतं.

ठिपके उडण्याचं म्हणाल तर तो लावणाऱ्याचा दोष. जेल स्पंजने पातळ लावायचं, अर्धा तास मुरू द्यायचं, मग कोरड्या फडक्याने वरचं पुसून घ्यायचं. हे करणाऱ्याच्या दारावर एक ठिपका उडत नाही. आणि जेलमधलं सिलिकॉन रबर खातं ही जी बोंब आहे, ती आधी बंद करा. सिलिकॉनचं तेल रबराला काही करत नाही. वाट लावतात ती स्वस्त बाटलीतली पेट्रोलियमची द्रावकं. वास घेतला तरी कळतं.

जुना टायर नवा दिसतो म्हणालो, नवा होतो म्हणालो नाही.

कराडचा_टायरवाला

दोघंही शहरातलं बोलताय. आमच्याकडे उसाच्या सीझनला ट्रॅक्टर-ट्रॉलीपासून ट्रकपर्यंत सगळे टायर डिझेलच्या फडक्याने पुसतात. दिसतो काळाकुट्ट, खर्च काही नाही. पण डिझेल रबरात शिरतं, रबर फुगतं, मऊ पडतं. रिमोल्डसाठी, म्हणजे झिजलेल्यावर नवं रबर चढवायला, आलेला असला टायर नखाने दाबला तरी कळतो. जळकं ऑइल लावणारेही तसलेच. तुमच्या जेल आणि कोटिंगच्या भांडणापेक्षा हे आधी थांबवा.

दुसरं, पॉलिशने टायरचं आयुष्य वाढतं असं कृपा करून कोणी लिहू नका. आयुष्य हवेवर, लोडवर, अलाइनमेंटवर आणि गाडी किती उन्हात उभी राहते त्यावर. मोटरसायकलच्या टायरला तर काहीच लावायचं नाही. वळणावर गाडी झुकली की कडेचं रबर रस्त्याला टेकतं, तिथं तेलकट असलं की माणूस आडवा.

दापोलीकरीण

घाटवळण, तुमचं कोटिंगबद्दलचं मत पुण्यातल्या पार्किंगमध्ये बसून बनलेलं दिसतंय. आमच्याकडे जूनपासून तांबडा चिखल. पाण्यातलं पॉलिश मारून मी बाजारापर्यंत जाऊन येते तोवर ते गेलेलं असतं. जेलवर तर चिखल असा बसतो की वाळल्यावर टायर विटेसारखा दिसतो. गेल्या पावसाळ्याआधी भावाने ॲक्रिलिकचं कोटिंग करून दिलं. एक अख्खा रविवार गेला घासण्यात, पण नंतर नुसती पाण्याची धार मारली की तांबडं उतरायचं. खपल्या निघाल्या, नाही म्हणत नाही, पण पुढच्या डाव्या टायरलाच, आणि त्याचं कारण आमच्या गल्लीतला चिऱ्याचा गडगा. पाऊसमान बघून सल्ला द्या.

वऱ्हाडी_स्टेअरिंग

"जुना टायर नवा दिसतो, नवा होतो म्हणालो नाही." वा भाऊ. या एका वाक्यापायी माझं कुटुंब जाता जाता वाचलं.

सेकंडहँड गाडी घेतली, डीलरचं नाव घेत नाही. चारही टायर असे काळेभोर की नजर ठरत नव्हती. नक्षी पण भरपूर. मी खुश. नागपूरहून समृद्धीने निघालो, बायको-पोरं मागे, कारंजाच्या पुढे मागचा डावा टायर फुटला. गाडी दोन लेन सोडून डिव्हायडरकडे ओढली गेली. मागून ट्रक नव्हता म्हणून आज लिहितो आहे. टायर उतरवला तेव्हा टोइंगवाल्या पोराने बोट लावून दाखवलं, साईडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूला, रिमच्या कडेने केसासारख्या भेगा, त्यात पॉलिश भरून बसलेलं. टायरवरचा तारखेचा कोड वाचला तर टायर गाडीच्या वयाचाच, आठ वर्षं जुना. धंदा करा, पण लोकांच्या डोळ्यात काळं घालून करू नका.

चकाचक_नाशिक

झालं ते वाईटच झालं, पण त्या डीलरचं पाप माझ्या माथी मारू नका. मी वापरलेल्या गाड्या विकत नाही. आणि समृद्धीवर जाणार असाल तर नायट्रोजन का नव्हता भरला? सिमेंटचा रस्ता, वऱ्हाडातलं ऊन, १२० चा वेग. साध्या हवेने टायर फुटणारच. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

कराडचा_टायरवाला

हे मात्र ऐकून घेणार नाही. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. राहिलेल्याने टायर फुटतो म्हणता? तापमान १० अंशांनी वाढलं की गाडीच्या टायरमध्ये हवेचा दाब दीड-दोन पीएसआय वाढतो, नायट्रोजन असो की साधी हवा. फायदा एवढाच की तो कोरडा असतो आणि जरा सावकाश उतरतो. लांब जाणाऱ्याने भरला तर माझी ना नाही. पण नायट्रोजन भरला म्हणून चार-चार महिने हवा न बघणारे माझ्याकडे येतात, त्यांचं काय?

टायर फुटतो तो बहुतेक वेळा हवा कमी असल्यामुळे. कमी हवेत साईडवॉल जास्त दुमडते, दुमडून तापते, तापून आतले थर सुटतात. ऊन आणि वेग त्यात भर घालतात. लोक उलटं करतात, समृद्धीला जायचं म्हणून पाच पीएसआय कमी ठेवतात, "गरम होऊन वाढेल" म्हणून. हेच मारतं. ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकर असतो, त्यावरची हवा थंड टायरमध्ये भरा. पाच माणसं आणि सामान असेल तर त्याच स्टिकरवर वेगळा आकडा दिलेला असतो, तो घ्या.

वऱ्हाडी_स्टेअरिंग

हवा मी निघतानाच चेक केली होती. रस्त्याचं कोणी बोलत नाही. नागपूर-शिर्डी डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, तेव्हापासून ऐकतो आहे, टायर फुटला, टायर फुटला. मुंबईपर्यंत ७०१ किलोमीटर सरळ सिमेंट, आणि दोष प्रत्येक वेळी गाडीवाल्याचा?

घाटवळण

तुमचा टायर फुटला, तुम्ही डोळ्यांनी बघितला, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण "टायर फुटला" हे आपल्याकडे प्रत्येक अपघाताचं पहिलं उत्तर झालंय. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ खासगी बस जळाली, २५ माणसं गेली. ड्रायव्हर म्हणाला टायर फुटला. अमरावतीच्या आरटीओच्या अहवालात टायर फुटल्याचा पुरावा नसल्याचं आलं. रस्त्याला दोष द्यायचा तर द्या, कंटाळवाणा सरळ आहे, थांबायला जागा कमी आहेत. पण आठ वर्षांचा टायर साध्या डांबरी रस्त्यावरही फुटला असता.

वऱ्हाडी_स्टेअरिंग

डांबरी रस्त्यावर मी ६० ने असतो हो! फरक पडत नाही का?

शारजाहून

इथे यूएईत टायर तयार झाल्यापासून पाच वर्षं झाली की चालत नाही, नक्षी कितीही असो. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, तरी भारतात आल्यावर जेवढं "टायर फुटला" ऐकतो तेवढं इथे ऐकत नाही. आपल्याकडे असा नियम आणला तर अर्धा वाद मिटेल.

दापोलीकरीण

नियम आणणं सोपं आहे. आमच्याकडे गाडी वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर चालते. पाच वर्षांत नक्षी अर्धीही झिजत नाही. चार टायरचे पैसे कोण देणार? पगार दिरहममध्ये मिळत नाहीत इथे.

शारजाहून

पैशाचं बोलला नाहीत तरच नवल. ताई, गेलेल्या माणसाची किंमत कुठल्याच चलनात होत नाही.

कराडचा_टायरवाला

भांडू नका. पाच वर्षांत सरसकट फेकून द्या असं मीही म्हणणार नाही. सावलीत राहिलेला, हवा नीट ठेवलेला टायर सहा वर्षंही चांगला असतो, आणि उन्हात एका जागी उभ्या गाडीचा चार वर्षांत चिरतो. साईडवॉलवर 'DOT' या अक्षरांच्या पुढे शेवटचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कधी-कधी तो कोड आतल्या बाजूला येतो, तेव्हा जॅकवर घेऊन बघावा लागतो. पाच वर्षांनंतर दर सर्व्हिसिंगला भेगा बघायच्या. नक्षीतल्या खुणेपर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत झिजला तर वय न बघता बदलायचा.

आणि आता मूळ मुद्द्यावर या. भेगा दिसतात त्या धुतलेल्या, कोरड्या टायरवर. पॉलिश मारलेल्यावर मलासुद्धा दिसत नाहीत, आणि माझं आयुष्य टायर बघण्यात गेलंय.

घाटवळण

माझं एवढंच म्हणणं होतं. जे पॉलिश दर धुण्याला उतरतं ते दर वेळी टायर उघडा करतं. वर्षभर टिकणारं कोटिंग वर्षभर झाकून ठेवतं. दापोलीकरीण, तुमच्या चिखलाला कोटिंग बरं, मानलं. पण करायच्या आधी कोड आणि भेगा बघून घ्या आणि खपली निघाली तिथे खाली काय आहे तेही बघा.

दापोलीकरीण

बघितलंय. रबर ठणठणीत आहे. पातळ थराखालून भेग दिसतेच, तुमचं "झाकून ठेवतं" जरा जास्त झालं. जेलच्या बाबतीत खरं असेल.

चकाचक_नाशिक

सगळे मिळून जेलवर आलात. ठीक आहे. वऱ्हाडी भाऊ, त्या वाक्याने तुम्हाला लागलं असेल तर ते वाक्य काढतो. यापुढे टायरला हात लावायच्या आधी कोड वाचून गिऱ्हाइकाला सांगीन, पाच वर्षांच्या वरचा असेल तर बिलावर लिहून देईन. पण पाण्यातलं पॉलिश लावून गाडी देणार नाही. गाडी गेटबाहेर जायच्या आत पाऊस आला तर पैसे मलाच परत मागतात, तुम्हाला नाही.

वऱ्हाडी_स्टेअरिंग

लिहून देणार असाल तर फोटोसकट द्या. कोडचा फोटो, पॉलिश मारायच्या आधीचा.

चकाचक_नाशिक

देतो. चारही टायरचा. स्टेपनीचा पण हवा का?

कराडचा_टायरवाला

स्टेपनीचा आधी द्या. गाडीतला सगळ्यात जुना टायर बहुतेक वेळा तोच असतो, आणि त्याच्यात हवा कोणीच बघत नाही.