गच्चीवरचा वास आणि चिनूची बोट

ए-४०२ काकू: गच्चीवर कोणी काय लावलंय?? डोकं उठलं त्या वासाने. कुरडया वाळत घातल्यात माझ्या, सगळ्यांना तोच वास लागणार आता

सेक्रेटरी: आज कलरचं काम नाहीये. गॅस लीक तर नाही ना कुठे

बी-३०१: गॅस नाही हो, आमचा चिनू आहे. सुट्टीत रिमोटवाली बोट बनवतोय, फायबर आणलंय कुठून तरी

चिनू: सॉरी काकू 🙏 डबा उघडून एक छोटा तुकडा लावून बघत होतो फक्त. बोट बाल्साच्या (एकदम हलकं लाकूड) पट्ट्यांची आहे, अडीच फूट, पट्ट्या एकदम पातळ, काठाला आपटली तर गेली. म्हणून आतून मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांची चादर, रेझिनने चिकटवायचा प्लॅन आहे

नाखवा काका: पॉलिस्टर रेझिन आणलंस ना, ते ओतलं की घट्ट होणारं रसायन. तो वास त्यातल्या स्टायरीनचा. आमच्याकडे कोळीवाड्यात होड्यांना तेच मारतात, टाकीच्या वॉटरप्रूफिंगला पण तेच. मोठ्या होडीला बरोबर आहे, स्वस्त पडतं आणि काम उघड्यावर चालतं. तुझ्या बोटीला इपॉक्सी रेझिन आण बाबा, वास नसल्यातच जमा, लाकडाला पकड जास्त, आणि सुकताना आकसतं कमी

बी-५०३: थर्माकोलवर तर ते पॉलिस्टर मारूच नका. २०१८ च्या बंदीच्या आधी मखराला मारलं होतं आमच्याकडे, अर्ध्या तासात खांब बसले खाली 😂

चिनू: पण काका मॅट आणलीये ना, ती इपॉक्सीला चालेल?

नाखवा काका: नको. चॉप मॅटमध्ये काचेचे तुकडे गोंदाने धरलेले असतात, तो गोंद स्टायरीनमध्ये विरघळतो म्हणून मॅट मऊ पडून बसते. इपॉक्सीत तो नीट सुटत नाही, मॅट ताठच राहते, कोपऱ्यात उचलते. आणि रेझिन पिते किती बघ, काचेच्या वजनाच्या दुप्पट. विणलेलं कापड घे, ५० ते १०० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम), बास. सगळी पोरं काय करतात, वरून रेझिन ओतत बसतात, जाड झालं की मजबूत झालं असं वाटतं. ताकद काचेची असते रे, रेझिन नुसतं तिला धरून ठेवतं, जास्तीचं रेझिन म्हणजे वजन आणि वर ठिसूळपणा, मग मोटर बॅटरी टाकली की बोट पाण्यात बसलेलीच दिसेल

चिनू: ओके मग आतल्या आडव्या फ्रेम मध्ये येतात तिथे काय करू

नाखवा काका: दोन फ्रेमच्या मधला तुकडा वेगळा काप, आणि तिरका काप, धागे ४५ अंशात आले की कापड गोलाईवर आपोआप झोपतं, सरळ कापलंस तर सुरकुती पडणारच. आधी लाकडाला पातळ हात दे, वर कापड ठेव, ब्रश ओढायचा नाही, टोचत जायचं. कापड पांढरं दिसतंय तिथे अजून रेझिन पोचलं नाही, खालचं लाकूड दिसायला लागलं की थांब आणि जुन्या मेट्रो कार्डाने जास्तीचं ओढून काढ

ए-२०४ टीचर: प्रमाण सांगा त्याला, गडबड तिथेच होते. पॉलिस्टरला हार्डनर (रेझिन घट्ट करायला मिसळतात तो) १-२ टक्के, थोडं इकडे तिकडे चालतं. इपॉक्सीला नाही चालत. डब्यावर जे दिलंय तेच, आणि ते वजनाने आहे की मापाने ते वाच. जास्त हार्डनर घातला तर लवकर सुकत नाही, उलट चिकटच राहतं. दुसरं, मिक्स करून ग्लासात ठेवून द्यायचं नाही, एका जागी साठलं की तापतं, धूर येतो, पसरट ताटलीत ओत. आणि चिनू, तुझ्या डब्यासोबत कोबाल्टची जांभळी बाटली (रेझिन लवकर घट्ट व्हायला घालतात ती) असेल तर ती आणि हार्डनर कधीच थेट एकत्र ओतू नकोस, भडका उडतो!

बी-३०१: बाप रे. चिनू बाटली खाली आण आधी

नाखवा काका: दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो कधी कधी, तो आधी साध्या पाण्याने घासणी मारून धू, मगच पॉलिश पेपर मार

ए-४०२ काकू: घासणार म्हणजे काचेचा भुसा उडणार?? माझ्या कुरडयांवर????

ए-२०४ टीचर: वॉटर पेपरने ओलं घासायचं काकू, उडत नाही. तरी मास्क आणि हातमोजे हवेतच, खाज सुटते. आणि हाताला लागलं तर थिनरने पुसू नकोस, साबण लाव

सेक्रेटरी: चालेल. कुरडया उतरल्यावर गच्ची वापरा. पण तो पॉलिस्टरचा डबा घरात, जिन्यात, मीटर रूममध्ये कुठेही नको, पेट घेणारा माल आहे. दुकानात परत करा

चिनू: उघडलेला परत घेत नाहीत ओ

नाखवा काका: मला दे, मॅट पण दे. १ जूनपासून मासेमारी बंद, होडी वर ओढली की डागडुजीला लागणारच आहे. इपॉक्सीचे पैसे तुझ्या पप्पांकडे देतो

ए-४०२ काकू: आधी कोणीतरी वर जाऊन डब्याचं झाकण लावा