तुर्भ्याच्या मावशींच्या दाढेवर परवडतील असे उपचार कुठे होतील?

प्रश्न (कोपरखैरणे)
आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी तुर्भ्याच्या वस्तीत राहतात. त्यांचे वय ५८ आहे, मधुमेह आहे आणि मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावण्याची सवय लहानपणापासूनची आहे. तीन आठवडे दाढ ठणकते आहे. काल पोळी लाटता लाटता त्या थांबल्या, दाढेत लवंग धरली आणि भिंतीला टेकून डोळे मिटून उभ्या राहिल्या. जवळच्या दवाखान्यात रूट कॅनाल आणि कॅप मिळून ८,००० रुपये सांगितले, म्हणून त्या मेडिकलमधल्या गोळ्यांवर दिवस काढत आहेत. आता दाढ काढूनच टाकते म्हणतात. पण त्या बाजूच्या दोन दाढा आधीच गेल्या आहेत.

उत्तर (दंतवैद्य, नेरुळ)
त्यांना दंत महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात न्यावे. नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा ही दोन महाविद्यालये आहेत आणि तुर्भ्याहून पनवेलकडे जाणारी लोकल थेट नेरुळला येते. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे खर्च बराच कमी येतो. मात्र प्रत्येक टप्पा तपासून घ्यावा लागत असल्याने खेपा वाढतात. कॅपचा खर्च आधीच विचारावा. साखरेचा ताजा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत हवीत, कारण साखर वाढलेली असेल तर जखम लवकर भरत नाही. मधुमेहात वेदनाशामक गोळ्या मनाने घेत राहणे मूत्रपिंडांना घातक ठरू शकते, हेही त्यांना सांगावे. गालावर सूज, ताप किंवा गिळायला त्रास झाला, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे.

उत्तर (दिघा, वस्तीत आरोग्याचे काम)
वरील सल्ला योग्य आहे, पण चार खेपा म्हणजे चार खाडे, हा हिशेब बाई आधी करते. आमच्या भागातील एका आजींना शिबिरात दात तपासून पुढील उपचारांची चिठ्ठी दिली होती. ती मला दोन वर्षांनी रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये घडी घातलेली सापडली. केसपेपर कुठे काढायचा, कोणत्या मजल्यावर जायचे, हे सांगायला सोबत कोणीच नव्हते. शिबिरे भरपूर होतात, शिबिरानंतर हात धरून नेणारे माणूस नसते, आणि माझ्या मते खरी उणीव तीच आहे. आपण पहिल्या खेपेला सोबत जा आणि त्या दिवसांचे पैसे कापू नका.

उत्तर (ठाणे)
मिश्रीचा उल्लेख वाचला म्हणून लिहिते. दाढेसोबत संपूर्ण तोंडाची तपासणी आग्रहाने करून घ्या. तोंडात तीन बोटे उभी मावत नसतील, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण असेल, तर दाढेआधी तेच दाखवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना प्रामुख्याने दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी आहे. तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला तिचा आधार मिळतो, साध्या दाढेसाठी तिच्यावर विसंबू नका.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. सोमवारी सकाळी मी मावशींना घेऊन नेरुळला जात आहे. पगार कापणार नाही, हे आजच त्यांना सांगितले, त्यावर त्यांनी पहिल्यांदाच विचारले, "मग दाढ वाचंल का?"