मदत हवी आहे: किनाऱ्यावरच्या शिंपांची कुळं कशी ओळखायची?

शाळेच्या विज्ञान कक्षासाठी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या रिकाम्या शिंपा लावायच्या आहेत. शंख वेगळे काढले. द्विपुटी (दोन शिंपांच्या जोडीत राहणारे प्राणी) मात्र रंग-नक्षी बघून लावले की एकच जात चार डब्यांत जाते. निदान कुळापर्यंत पोचायला कोणती खूण धरावी?

प्रतिसाद १
रंग सोडा. तो उन्हात उडतो, आणि तिसऱ्या नावाच्या शिंपांमध्ये एकाच जातीची नक्षी वेगवेगळी असते. शिंप आतून बघा. मऊ ब्रशने वाळू काढा, दहापट भिंग घ्या आणि उजेड बाजूने तिरपा पाडा. वरून पाडलात तर ठसे दिसत नाहीत. व्हिनेगर अजिबात नको. कवच कॅल्शियम कार्बोनेटचं, दातांच्या कडाच विरघळतील.

आधी बिजागरी, म्हणजे दोन शिंपा जोडल्या जातात ती कड. सरळ ओळीत कंगव्यासारखे बारीक दात आणि बाहेर जाड बरगड्या असतील तर आर्सिडी. शिखराखाली (बिजागरीजवळच्या फुगीर टोकाखाली) तीन ठळक दात म्हणजे व्हेनेरिडी, तिसऱ्यांचं कूळ. दात जवळपास नाहीत आणि शिखर निमुळत्या टोकाला, तर मायटिलिडी; गोव्यातले शिनाणे यातलेच.

दात झिजले असतील तर शिंप मिटणाऱ्या स्नायूंचे ठसे बघा. कालवात एकच मोठा ठसा, तिसरीत दोन जवळपास सारखे. त्या दोन ठशांना जोडणारी प्रावाररेषा (प्राण्याचं मऊ आवरण शिंपेला चिकटल्याची रेघ) तिसरीत मागच्या बाजूला आत वळून खाच करते. पाणी आत-बाहेर नेणाऱ्या नळ्या आत ओढून घ्यायची ती जागा. खाच खोल तर नळ्या लांब, म्हणजे प्राणी वाळूत खोल राहणारा. आर्सिडीत खाच नसते. दात झिजलेल्या शिंपांसाठी ही उपयोगी खूण.

प्रश्नकर्ती
खूप आभार! तिसऱ्यांमध्ये मेरेट्रिक्स आणि पाफिया वेगळे करता येतील का?

प्रतिसाद २
येतील, ताई. मेरेट्रिक्स गुळगुळीत, त्रिकोणी वळणाची. पाफिया लांबट, बाहेर कडेला समांतर वळ्या असलेली. पक्की खात्री दातांवरून होते: मेरेट्रिक्सच्या डाव्या शिंपेत तीन दातांच्या पुढे एक आडवा दात जास्तीचा, उजवीत त्याच जागी खळगा. पाफियात दोन्ही नाहीत.

डावी-उजवी ओळखायला शिखर वर, आतली बाजू स्वतःकडे धरा. प्रावाररेषेची खाच उजवीकडे आली तर शिंप उजवी. ही तपासणी आधी करा, नाहीतर उजव्या शिंपेत दात दिसला नाही म्हणून मेरेट्रिक्स पाफियाच्या डब्यात जाईल. प्रत्येक डबीत ठिकाण आणि तारखेची चिठ्ठी पेन्सिलीने लिहून ठेवा. शाई ओलीने पसरते.