सिझर लिफ्टखाली पाय चेंगरू नये म्हणून काय लावायचं?

प्रश्न: आमच्याकडे हायड्रॉलिक सिझर लिफ्ट टेबल (कात्रीसारख्या हातांवर वर-खाली होणारा प्लॅटफॉर्म) आहे, खाली येताना प्लॅटफॉर्मच्या कडेखाली एकाचा बूट अडकला, थोडक्यात वाचला. नुसता पिवळा-काळा पट्टा मारून भागेल का?

उत्तर १: पट्टा कोण बघतंय हो! प्लॅटफॉर्मच्या खालच्या कडेला चारही बाजूंनी सेफ्टी बार लावा, कशालाही टेकला की आतला स्विच दबतो आणि खाली येणं तिथेच थांबतं. फक्त बार दबल्यावरही टेबल थोडं खाली सरकतंच, म्हणून बारला तेवढी दबायला जागा हवी, नाहीतर थांबेपर्यंत पाय गेलाच समजा.

उत्तर २: बार ठीक, पण कात्रीच्या हातांमध्ये बोटं जातात त्याचं काय? त्याला बेलोज म्हणजे घडीचा पडदा लावा. आयएसओ १३८५४ या मानकात चेंगरू नये म्हणून बोटासाठी किमान २५ मिमी, हाताच्या पंज्यासाठी १०० आणि पावलासाठी १२० मिमी मोकळी जागा सांगितलीये.

उत्तर ३: आणि बटण दाबून धरलं तरच चालेल असं ठेवा, सोडलं की बंद. रिपेअरला खाली शिरताना मेंटेनन्स प्रॉप (टेबल खाली येऊ नये म्हणून लावायचा आधार) लावल्याशिवाय हात घालू नका, नुसत्या हायड्रॉलिकवर भरवसा नाही.

प्रश्नकर्ता: प्रॉप आहे, कोपऱ्यात धूळ खातोय 😅 उद्याच काढतो.