अलेक्झांड्रिया : तुम्ही काय पाहिलंत?

निशिगंधा_प
लेकीला शाळेत सात आश्चर्यांचा तक्ता न्यायचा होता. फारोसच्या दीपस्तंभाचं चित्र कापता कापता तो जिथे होता ते इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया आठवलं. नवऱ्याचं कैरोत काम होतं तेव्हा रेल्वेनं गेलो होतो, वाटेत नुसता हिरवागार डेल्टा. पोचल्यावर लक्षात येतं की ज्याच्या नावानं आलो त्यातलं काहीच जागेवर नाही. दीपस्तंभ भूकंपांनी पाडला, जुनं ग्रंथालय गेलं, सिकंदराची कबर अजून कुणाला सापडलेली नाही. दीपस्तंभाच्या जागी सुलतान कायतबेनं १४७७ मध्ये किल्ला बांधायला घेतला. त्यात पडलेल्या स्तंभाचे दगड आहेत म्हणतात, त्यामुळे लाल ग्रॅनाइटचा तुकडा दिसला की मी संशयानं हात लावून बघत होते. तरी शहर फार आवडलं. कोण कोण गेलंय? लिहा.

खादाड_बाळू
ताअमिया!! फावा बीन्सचे वडे, आतून हिरवेगार. फलाफलवाल्यांनी वाद घालू नये. आणि कोशारी. भात, मसूर, मॅकरोनी एकाच ताटलीत, वर टोमॅटोचं आंबटतिखट आणि कुरकुरीत कांदा. अवशेष बायकोनं पाहिले.

डेकवरून
मर्चंट नेव्ही. बंदरात जहाज लागलं की क्रेन, कंटेनर आणि कागदपत्रं, एवढंच अलेक्झांड्रिया. किल्ला दुर्बिणीतून पाहिला. त्याच्याजवळच पाण्याखाली पाणबुड्यांना दीपस्तंभाचे म्हणून प्रचंड दगड आणि पुतळे सापडलेत, १९९० च्या दशकात. म्हणजे खरं आश्चर्य आमच्या बाजूला, पाण्यात आहे :)

माईची_सून
कोम अल-शुकाफाचं भुयार कुणीच लिहिलं नाही? गोल जिना, ९९ पायऱ्या. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्यांना वर बसवणार होतो, तर त्याच आधी उतरल्या. १९०० साली एक गाढव खड्ड्यात पडलं आणि या थडग्यांचा पत्ता लागला म्हणे. खाली अनुबिस, म्हणजे इजिप्तचा मृतांचा देव कोरलाय, तोंड कोल्ह्याचं आणि अंगावर रोमन शिपायाचं चिलखत! सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा नक्की कुणाच्या बाजूचा?" नातेवाइकांनी येऊन जेवायची खोलीपण आहे, पंगतीचे ओटे खडकातच कोरलेले. बाकी नंतर टंकते, कुकर झालाय.

टिंग्या७
गाढवाचं पुढे काय झालं??

माईची_सून
@टिंग्या७ सासूबाईंनी गाइडला हेच विचारलं. तो हसला फक्त.

वाचनवेडी
मला नवं ग्रंथालय बघायचं होतं, २००२ मध्ये उघडलेलं. समुद्राकडे कललेलं गोल छप्पर, बाहेर दक्षिण इजिप्तमधल्या अस्वानच्या ग्रॅनाइटची भिंत आणि तिच्यावर जगभरच्या लिप्यांमधली अक्षरं. ओळखीचं अक्षर शोधत उन्हात फिरले, अहो सावलीत उसाचा रस पीत बसले. तिथे उसाचा रस मस्त मिळतो, पण आलं-लिंबू नाही.

शंकेखोर
तिथला प्रसिद्ध पाँपीचा खांब त्या रोमन सेनापती पाँपीचा नाहीच, हे कुणीतरी सांगायला हवं. तो मेल्यावर जवळजवळ साडेतीनशे वर्षांनी सम्राट डायोक्लिशियनसाठी उभारला. खांबाचा मुख्य भाग म्हणजे एकच अखंड दगड, तोही पार अस्वानहून आणलेला. आजूबाजूला सेरापिसच्या मोठ्या देवळाचा नुसता चुरा आणि पलीकडे इमारतींच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे. मला तेच दृश्य सगळ्यात खरं वाटलं.

रंकाळा_कट्टा
गेलो नाही, तरी लिहितो. आमच्या कोल्हापुरात टाऊन हॉल म्युझियममध्ये पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझची मूर्ती आहे, इथल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली. रोमन साम्राज्याच्या काळात असा माल अलेक्झांड्रियाहून नाईलमधून वर, मग उंटांवरून तांबड्या समुद्रावर आणि तिथून जहाजानं आपल्या किनाऱ्याला यायचा. 'पेरिप्लस' या त्या काळच्या ग्रीक सागरी प्रवासाच्या पुस्तकात सोपारा आणि कल्याणची नावं आहेत बघा.

विरार_फास्ट
@रंकाळा_कट्टा सोपाऱ्यापर्यंत जहाज यायचं? आणि आम्ही ८.१७ च्या लोकलला लटकतोय.

निशिगंधा_प
किती छान लिहिताय सगळे! तक्ता बाजूला राहिला, लेक ओरडतेय. वाचनवेडी, अहोंचं अगदी आमच्यासारखंच गं.

कुहू
विषय सोडून विचारते, कोशारीची पाकृ द्या ना कुणी. आणि त्यात मसूर अख्खे की डाळ?

खादाड_बाळू
@कुहू अख्खे. कांदा भरपूर तळा, अर्धा आधीच संपतो.