१९१८ चा रुपया: पांढराशुभ्र सरस की काळवंडलेला?

निफाडची_लेक
आजीच्या देवघरातल्या डबीत पंचम जॉर्जचे दोन रुपये निघाले. दोन्ही १९१८ चे, मागच्या बाजूला खालच्या फुलापाशी बारीक ठिपका, म्हणजे मुंबई टांकसाळीचे. एक पांढराशुभ्र, वजन ११.५१ ग्रॅम. दुसरा काठाशी निळा-जांभळा, मध्ये सोनेरीसर करडा, गालाखाली एक टोचा, वजन ११.६४. सराफ म्हणाले पांढरा ‘यूएनसी’ (अजिबात न वापरलेला), काळा ‘व्हीएफ’ (मध्यम झिजलेला). विकायचे नाहीत, पण भाऊ म्हणतो काळाही टूथपेस्टने घासू, जोडी छान दिसेल. घासू का? फोटो जोडलेत.

रुपयावाला
ताई, काळ्याला हात लावू नका. दोघांत तोच सरस आहे, सराफांनी ग्रेड नेमकी उलटी सांगितली.

ग्रेड म्हणजे आधी झीज. या रुपयावर मी पहिल्यांदा भुवई, मिशा, मुकुटाचा पट्टा आणि छातीवरच्या साखळीतला हत्ती बघतो. हाच तो हत्ती, ज्याची सोंड १९११ च्या नाण्यावर आखूड पडली, लोकांना डुक्कर वाटलं आणि १९१२ पासून ठसा सुधारावा लागला. तुमच्या काळ्या रुपयावर त्याची सोंड, कान, पाय सुटे दिसतात. पांढऱ्यावर नुसता उंचवटा उरलाय आणि मिशी गालात मिसळलीय. वजनही तेच सांगतं. हा रुपया ११.६६ ग्रॅमचा, चांदी ९१.७ टंच. न वापरलेलं नाणं त्या वजनाच्या अगदी जवळ असतं. ११.५१ म्हणजे चांदी कुठेतरी गेलीय.

आता चकाकी. खोलीतले बाकीचे दिवे घालवा, एकाच बल्बखाली नाणं काठाला धरून हळूहळू कलतं करा. ठशाच्या दाबाखाली धातू मधून काठाकडे सरकतो आणि त्याच्या अतिबारीक रेघा पृष्ठभागावर राहतात. त्या शाबूत असतील तर उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. पॉलिशने रेघा सपाट झाल्या की नाणं चमकतं खरं, पण उजेड एका जागी बसून राहतो आणि भिंगातून केसासारखे ओरखडे दिसतात. असं नाणं कितीही ठसठशीत असलं तरी ग्रेडिंग कंपन्या आकडा न देता ‘डिटेल्स’, म्हणजे पृष्ठभाग बिघडवलेलं, असं लिहून परत पाठवतात. एकदा घासलं की ते परत मिळवायचा काही उपाय नाही, म्हणून जीव तोडून सांगतोय.

काळेपणा हवेतल्या, कागदातल्या, रबरबँडमधल्या गंधकाचा. थर पातळ असताना सोनेरी, मग जांभळा, निळा, जाड झाला की काळा. तुमच्या नाण्यावर रंग काठाकडून आत आलाय आणि अक्षरांच्या आडोशाला फिकट राहिलाय. असा रंग वर्षानुवर्षं पडून राहिल्यानेच बसतो. मुद्दाम चढवलेला ओरखड्यांतसुद्धा भडक उतरतो. हा निळा काठ मला फार आवडला.

टोचा मात्र खुपतो. तेवढाच मागच्या वेलबुट्टीत असता तर कुणाच्या लक्षातही आला नसता. चेहऱ्यापाशी मोकळ्या जागेत पडला की नजर तिथेच जाते. त्यासाठी मी रूपाचे गुण कापेन, झिजेचे नाही. माझ्या मते एयू, म्हणजे जवळजवळ न वापरलेला.

पांढऱ्याचा काठ मुकुटाच्या बरोब्बर वर कसा दिसतो ते सांगाल का?

कऱ्हाडकर
रुपयावाले काका, एयू जरा सढळ हाताने दिलंत. मुकुटाच्या पट्ट्यातले मणी सपाट दिसतात. मी एक्सएफच्या, म्हणजे एयूच्या खालच्या पायरीच्या, वर जाणार नाही.

ताई, काळ्याच्या अक्षरांत पिवळं दिसतंय, लक्ष्मीपूजनाची हळद असणार. ब्रश, चिंच, रांगोळी काही नको. काचेच्या वाटीत शुद्ध अ‍ॅसिटोन घेऊन त्यात बुडवून ठेवा, न चोळता बाहेर काढून सुकू द्या. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. खिडकी उघडी आणि जवळपास गॅस, निरांजन पेटलेलं नको. खरा रंग अ‍ॅसिटोनने जात नाही. मग कडक कॅप्सूलमध्ये ठेवा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात कालांतराने हिरवा चिकट थर धरतो आणि तो चांदी खातो.

रुपयावाला
मणी सपाट आहेत हे खरंय. पण झीज असेल तर तिथली चकाकीही गेलेली असते. ठसा मुळातच कमजोर उठला असेल तर सपाट मण्यांवरूनही उजेड फिरतो. फोटोवरून भांडण्यापेक्षा ताईच बल्बखाली बघून सांगतील.

निफाडची_लेक
बघितलं. काळ्यावर उजेड फिरतो, सपाट मण्यांवरूनही जातो. पांढऱ्यावर अजिबात हलत नाही. त्याच्या काठावर मुकुटाच्या वर थोड्या भागातले दातेच नाहीत, कानस मारल्यासारखं गुळगुळीत. आई म्हणाली आजीची रुपयांची माळ होती, पुढे मोडली.

कऱ्हाडकर
मण्यांवरून उजेड जात असेल तर एयू मान्य.

रुपयावाला
मग पांढऱ्याचा उलगडा झाला. माळेत ओवायची कडी काढली, तिच्या जोडाची जागा कानसने घासली, नंतर पॉलिश केलं. थोडं वजन तिथेच गेलं. संग्राहकाच्या हिशेबात तो ‘डिटेल्स’, पण तुमच्या घरात त्याची जागा वेगळी आहे, जपून ठेवा. दोन्ही एकाच डबीत घासू देऊ नका. आणि माळेतले बाकीचे रुपये कुणाकडे गेले ते आईंना विचारा. त्यात १९११ चा असेल तर हत्तीचा जवळून फोटो टाका, कडीची खूण असली तरी मला बघायचाय.