शब्दचर्चा : संघात ‘वर्णी लागते’, ‘डच्चू मिळतो’, पण निवडतो कोण?

दांडिया बाजार, बडोदे :

नमस्कार मंडळी. पुढचा रग्बी विश्वचषक २०२७ मध्ये ऑस्ट्रेलियात आहे आणि त्यात पहिल्यांदाच २४ संघ खेळणार आहेत. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, सगळीकडे बडोद्याची माणसं पांगलेली आहेत. त्यामुळे इथल्या मराठी घरांतही या खेळाच्या गप्पा होतात, आणि कोणाला घ्यावं, कोणाला घेऊ नये यावर तर हिरिरीने होतात. त्या मराठीतून करताना जे शब्द तोंडात येतात त्यांबद्दल इथे विचारायचं आहे.

अमक्याची वर्णी लागली. तमक्याला डच्चू मिळाला. कोणाचा पत्ता कट झाला, कोणाची संधी हुकली. क्रिकेटच्या बातम्यांमुळे ही चारही वाक्यं आपल्या अंगवळणी पडली आहेत. आता त्यांत निवडणारा माणूस शोधून पाहा. सापडत नाही. खेळाडूचं नाव असतं, त्याचं काय झालं ते असतं, पण ते कोणी केलं हे बाहेरच राहतं. निवडीवर मत द्यायचं म्हणजे कोणाच्या तरी निर्णयावर मत द्यायचं. निर्णय घेणाराच वाक्यात नसेल तर मत कशावर देणार?

२०२३ ची गोष्ट घ्या. दक्षिण आफ्रिकेचे मुख्य प्रशिक्षक जाक निनाबर यांनी ऑगस्टमध्ये ३३ जणांचा संघ जाहीर केला, त्यात १० नंबरचा हांद्रे पोलार्ड नव्हता. पोटरीच्या दुखापतीतून तो पुरता सावरला नव्हता. याला ‘पोलार्डला डच्चू’ म्हणणं चूक आहे, कारण खेळ घसरला म्हणून त्याला काढलं नव्हतं. पुढे स्पर्धा सुरू असताना हुकर माल्कम मार्क्सचा गुडघा दुखावला. त्याच्या जागी निनाबर आणि संघाचे रग्बी संचालक रासी इरॅस्मस यांनी हुकर घेतलाच नाही, पोलार्डला बोलावलं. स्क्रमच्या, म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ गडी वाकून एकमेकांना भिडतात त्या रेटारेटीच्या, ऐन मध्यावर उभा राहणारा माणूस गेला आणि त्याच्या बदल्यात लाथेने गुण मिळवणारा माणूस आला.

उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध ७८ व्या मिनिटाला पोलार्डने लांबून पेनल्टी मारली आणि १६-१५ असा सामना फिरवला. अंतिम सामन्यात न्यूझीलंडला १२-११ असं हरवलं, त्यातले बाराच्या बारा गुण त्याचे. पण त्याच अंतिम सामन्यात पहिल्या काही मिनिटांतच उरलेला एकमेव खराखुरा हुकर, बाँगी म्बोनांबी, जखमी होऊन बाहेर गेला. मग डीऑन फूरी आला. तो तरुणपणी हुकर असला तरी आता फ्लँकर, म्हणजे स्क्रमच्या कडेला, खेळत होता, आणि वयाच्या ३७ व्या वर्षी जवळजवळ पूर्ण अंतिम सामना त्याला हुकर म्हणून काढावा लागला. इतका मोठा धोका दोन माणसांनी पत्करला होता. ‘पोलार्डची संघात वर्णी’ या वाक्यात त्यातलं काहीच येत नाही. ‘निनाबर यांनी हुकरऐवजी पोलार्डला घेतलं’ असं लिहिलं की सगळं येतं.

म्हणून माझा आग्रह साध्या क्रियापदांचा आहे : निवडलं, निवडलं नाही, वगळलं, विश्रांती दिली, बोलावून घेतलं. आणि प्रत्येकाला कर्ता. तुम्हाला काय वाटतं?

पुणे :

ताई, ‘वर्णी’बद्दल थोडी भर घालतो. जुन्या कोशांत वर्णी म्हणजे यजमानाने आपल्या वतीने जप किंवा अनुष्ठान करायला ब्राह्मण नेमणं. मूळ शब्द ‘वरण’, म्हणजे वरणं, निवडून घेणं. स्वयंवरात जो ‘वर’ आहे तोच इथे. म्हणजे या शब्दात मुळात निवडणारा ठसठशीत होता. यजमान वर्णी लावायचा. आपण ‘लावणे’चं ‘लागणे’ केलं आणि यजमान गेला. तुमची तक्रार आजच्या वापरावर खरी आहे, शब्दावर नाही. ‘प्रशिक्षकांनी तीन नवख्यांची वर्णी लावली’ असं म्हणायला माझी हरकत नाही.

दांडिया बाजार :

हे फार छान सांगितलंत. ‘वर्णी लावली’ मी आनंदाने वापरीन. फक्त आज त्याला वशिल्याचा वास चिकटलाय, महामंडळावर कोणाची तरी वर्णी लावतात ना, तसा. प्रशिक्षकाने खरोखर खेळ पाहून घेतलेल्या पोराला तो वास लागू नये, एवढ्यासाठी ‘निवडलं’ बरं.

रावपुरा, बडोदे :

आमच्या घरात तर ‘पसंदगी झाली’ म्हणतात. इथली वर्तमानपत्रं गुजराती, त्यांत निवड समितीला पसंदगी समिती, निवडणाऱ्यांना पसंदगीकार. माझ्या आईची मराठी अस्सल, तरी ती म्हणते, ‘ह्या वेळी पसंदगी बरोबर नाही केली.’ पुण्याचे नातेवाईक आले की त्यांना हे चमत्कारिक वाटतं. तीन-चार पिढ्या इथे काढल्यावर हा शब्द आमचा नाही का?

दांडिया बाजार :

काका, तुमचा आहेच, आमच्याही घरातला आहे. बोलण्यात तो राहू दे. पण लिहिताना एक अडचण येते, आणि ती खरी अडचण आहे. गुजराती बातम्यांत पसंदगी म्हणजे सरळ निवड. मराठी वाचकाच्या कानाला मात्र ‘पसंती’ ऐकू येते. ‘प्रशिक्षकांनी आपल्या पसंदगीचे पंधरा उतरवले’ हे वाक्य रावपुऱ्यात वाचलं तर अर्थ ‘निवडलेले पंधरा’, आणि सोलापुरात वाचलं तर ‘मर्जीतले पंधरा’. दुसरा अर्थ आरोपाचा आहे. नकळत कोणावर आरोप होऊ नये.

आणि ‘निवडणे’ हा शब्द किती जुना, किती कामाचा आहे पाहा. आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरतात. दिवेल (एरंडेल तेल) चोळून कोठीत टाकायच्या आधी आई-मावशी ते परातीत घेऊन निवडतात. हाताची बोटं खडा, काडी, किडका दाणा बाजूला सारत जातात, चांगला गहू परातीतच राहतो. निवडणं म्हणजे नको ते काढणं. बोरं किंवा मोगऱ्याची फुलं आपण निवडत नाही, वेचतो. तिथे हवं ते उचलायचं आणि बाकीचं तसंच सोडायचं. देशभरातल्या क्लबांमधून चाळीस-पन्नास जण शिबिराला बोलावले जातात ते वेचणं आहे. शिबिरातून शेवटचे ३३ ठेवतात ते निवडणं आहे. दोन्ही टप्प्यांचा राग आणि दुःख वेगवेगळं असतं. शिबिरालाच न बोलावलेला खेळाडू आणि शिबिरातून परत पाठवलेला खेळाडू, दोघांनाही ‘डच्चू’ म्हणणं मला पटत नाही. पहिला कधी आत आलाच नव्हता.

इंदूर :

आमच्याकडे सर्रास ‘चयन’. चयन समिती, चयनकर्ता. हिंदीमुळे.

पुणे :

मराठीत चयन म्हटलं की मला अग्निचयन आठवतं, विटा रचून वेदी बांधणं. संघ रचण्याला तो अर्थ खरं तर शोभतो, पण रुळलेली ‘निवड’ असताना चयनाची गरज नाही.

कारेलीबाग, बडोदे :

मी कबड्डी खेळलेला माणूस आहे, रग्बी दूरदर्शनावर बघतो. मला ‘राखीव’ या शब्दावर बोलायचंय. कबड्डीत सात मैदानात, बाकीचे राखीव. राखीव म्हणजे कोणी पडलं, लागलं तर. आमच्या काळी पूर्ण स्पर्धा राखीव म्हणून बसून काढलेली पोरं मी पाहिली आहेत. रग्बीत पंधरा आणि बाकावर आठ, म्हणजे सामन्याला तेवीस. या आठांना मराठीत राखीव लिहिलं की वाचकाला वाटतं हे कच्चे, दुय्यम. तसं नसतं. ठरवून, पन्नासाव्या-साठाव्या मिनिटाला, ताजे दमदार गडी उतरवतात. पुढच्या रांगेचे तीन तर हमखास बदलतात. दक्षिण आफ्रिकेने २०२३ च्या अंतिम सामन्यात बाकावर सात जण स्क्रमला भिडणारे ठेवले आणि फक्त एक मागे पळणारा. त्या एका बाकावर सगळी रणनीती होती. तिथे बसणं म्हणजे संघाबाहेर नव्हे. ‘अमका संघात नाही, राखीवमध्ये ढकलला’ असं जेव्हा कोणी चिडून म्हणतं तेव्हा तो कबड्डीच्या चष्म्यातून बघतोय. मी ‘बदली खेळाडू’ म्हणतो.

दांडिया बाजार :

दादा, शंभर टक्के. ‘बदली’ला नोकरीतल्या बदलीचा एक धागा आहे, पण खेळाच्या संदर्भात कोणी चुकणार नाही.

तुम्ही ‘स्क्रमला भिडणारे’ आणि ‘मागे पळणारे’ म्हणालात ते मला फार आवडलं, कारण इथे दुसरा मोठा घोळ आहे. रग्बीचे १ ते ८ नंबर म्हणजे फॉरवर्ड्स, ९ ते १५ म्हणजे बॅक्स. हॉकीचा, फुटबॉलचा शब्द उचलून आपण पहिल्यांना आघाडीपटू म्हणतो आणि दुसऱ्यांना बचावपटू. पूर्ण उलटा अर्थ होतो. हॉकीतला आघाडीपटू गोल करतो. रग्बीत चेंडू घेऊन पळत जाऊन ट्राय करणारे (म्हणजे समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणारे) विंग, म्हणजे ११ आणि १४ नंबर, हे ‘बॅक्स’ आहेत. त्यांना बचावपटू म्हटलं आणि मग ‘बचावपटूंच्या निवडीमुळे आक्रमण कमजोर’ असं मत कोणी लिहिलं, तर वाचक गोंधळणारच.

मला ‘फळी’ योग्य वाटते. पुढची फळी आठ जणांची, मागची फळी सात जणांची. क्रिकेटमुळे फळी हा शब्द वाचकाच्या सवयीचा आहे. स्क्रममधल्या ओळींसाठी ‘रांग’ ठेवावी : पहिल्या रांगेत दोन प्रॉप आणि मधे हुकर. प्रॉप, हुकर, लॉक, फ्लँकर ही नावं तशीच ठेवावीत, त्यांना ओढूनताणून मराठी करू नये. आपण विकेट, स्लिप, गली तशीच ठेवली आणि काही बिघडलं नाही.

रावपुरा :

ओढूनताणून नको हे बरोबर, पण प्रयत्न सोडूही नका. जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रो. माणिकरावांनी कवायतीच्या आज्ञा देशी भाषेत घडवल्या, त्या आपल्या वडीलधाऱ्यांनी मैदानावर ऐकल्या आहेत. व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत निघाले ते याच गावातून, द. चिं. मुजुमदारांच्या हातून, १९३६ पासून. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश करवून घेतला तोही इथेच. खेळावर आणि व्यवहारावर नेमकं मराठी लिहिणं ही बडोद्याची सवय आहे.

दांडिया बाजार :

काका, त्या खंडांतले दोन माझ्या आजोबांच्या कपाटात होते. डाव, पेच, हात, पवित्रा, प्रत्येकाला नाव, आणि ते नाव वाचून अंग कसं ठेवायचं ते कळतं. शरीर काय करतं ते सांगणारा शब्द, तोच टिकाऊ. फळी आणि रांग मला तशाच वाटतात, माणसं खांद्याला खांदा लावून उभी दिसतात.

मुंबई :

एक प्रामाणिक शंका. मी मथळे लिहितो. ‘डच्चू’ दोन अक्षरांचा आहे, जागेत बसतो, वाचकाला लगेच कळतो. तुमची कर्त्याची वाक्यं लांबतात.

दांडिया बाजार :

खरं आहे, आणि ‘डच्चू’ कधीच वापरू नये असं मी म्हणत नाही. जो संघात होता, खेळायला तयार होता, आणि त्याला काढलं, त्याला डच्चू म्हणा. त्याच्यापाशी शब्द नेमका बसतो. पण दुखापत असेल तर ‘पोलार्ड जायबंदी, संघाबाहेर’ हेही मथळ्यात मावतं. आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या खेळाडूला कायमचं बाजूला केलं असेल तर मराठीत ‘नारळ दिला’ आहेच, देणारा त्यात निदान डोळ्यांपुढे येतो. एकाच शब्दाने तिन्ही प्रसंग झाकू नयेत, इतकंच.

पुणे :

‘पाचारण’ कोणी घेतला नाही अजून. स्टीफन डोनाल्डसाठी याहून चांगला शब्द नाही.

दांडिया बाजार :

अगदी. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : २०११, विश्वचषक न्यूझीलंडमध्येच. डॅन कार्टर जखमी, मग कॉलिन स्लेड जखमी. प्रशिक्षक ग्रॅहम हेन्रींनी चौथ्या पसंतीच्या डोनाल्डला बोलावलं तेव्हा तो वायकाटो नदीवर मासे धरत होता. अंतिम सामन्यात एरन क्रूडनही पडला. डोनाल्ड उतरला, जर्सी अंगाला घट्ट, आणि उत्तरार्धात त्याने मारलेल्या पेनल्टीने न्यूझीलंडने फ्रान्सला ८-७ असं हरवलं. आधीच्या वर्षी एका पराभवावरून याच माणसावर देशभरातून टीका झाली होती. ‘हेन्रींनी डोनाल्डला पाचारण केलं.’ पाचारण करण्यात मान आहे आणि निकडही आहे. बोलावणाऱ्याला गरज आहे हे त्यातून कळतं. (चौथ्या ‘पसंतीचा’ असं मी वर लिहिलंय. इथे पसंती चालते, कारण क्रम आहे.)

कारेलीबाग :

शेवटचा प्रश्न. ‘कॅप’ला काय म्हणायचं? देशासाठी सामना खेळला की कॅप मिळते. ऑस्ट्रेलियाचा एक नियम होता ना, परदेशी क्लबात खेळणाऱ्याला घ्यायचं तर साठ कॅप हव्यात?

दांडिया बाजार :

हो, २०१५ चा, मॅट गिटो या ऑस्ट्रेलियन खेळाडूच्या नावाने ओळखला जातो : ६० कॅप आणि ऑस्ट्रेलियात सात वर्षांचा खेळ. ‘टोपी’ म्हणू नये, मराठीत टोपी घातली की माणूस फसवला जातो. सुदैवाने रग्बीतही आंतरराष्ट्रीय सामन्याला कसोटीच म्हणतात, तेव्हा ‘६० कसोटी खेळलेला’ लिहावं. क्रिकेटवाल्यांना पाच दिवस आठवतील, म्हणून पहिल्या उल्लेखाला ‘८० मिनिटांची कसोटी’ असं एकदा लिहून टाकावं. आणि जो एकही खेळला नाही त्याला ‘पदार्पण व्हायचं असलेला’. लांब आहे खरा, याहून आटोपशीर कोणाला सुचत असेल तर जरूर लिहा.

मुंबई :

‘कोरा’ चालेल का? बोलण्यात आम्ही म्हणतो, ‘संघात चार कोरे आहेत.’

दांडिया बाजार :

चालेल! कोऱ्या कपड्यासारखा, अजून पाण्यात न घातलेला. ‘प्रशिक्षकांनी ३३ मध्ये चार कोरे घेतले.’ कर्ताही आला.